सिस्टरांची कोरी ओळ

आमच्या कंपनीचे संचालक कोण आहेत, कुठून आले आणि बोर्डावर बसून नेमकं काय करतात, हे जगाला मी सांगतो. जगाला म्हणजे वार्षिक अहवालाची अठरा ते एकवीस ही पानं जे कोणी उघडत असतील त्यांना. तिथे नऊ फोटो असतात आणि प्रत्येक फोटोखाली परिचय. फोटो फोटोवाला काढतो. खालचा माणूस मी काढतो, गेली सव्वीस वर्षं. माझं नाव अहवालात कुठेही नसतं आणि ते बरंच आहे, कारण सात वीजकेंद्रं आणि अकरा हजार माणसं चालवणाऱ्या या नऊ जणांबद्दल मी जे लिहितो ते मला समोरासमोर विचारलं तर माझी जीभ थोडी अडखळेल.

या कामात एक गोष्ट लवकर कळते. माणूस जितका मोठा, तितका त्याला आपला परिचय तोकडा वाटतो. आमचे बँकवाले घ्या. आयुष्य बँकेत काढलं, शेवटी तिथले सर्वेसर्वा झाले, आता आमच्या बोर्डावर खर्चाची समिती त्यांच्याकडे आहे. हुशार माणूस, यात वाद नाही. पण दर वर्षी मजकूर पाठवला की दुपारी फोन येतो, "छान झालंय, पण जरा भारदस्त करा." मी 'अनुभव'च्या जागी 'प्रदीर्घ अनुभव' करतो. पुढच्या वर्षी 'प्रदीर्घ आणि सखोल' होतं. गेल्या वर्षी त्यांचा परिचय फोटोपेक्षा उंच झाला, तेव्हा छापखान्याने फोटो लहान केला आणि त्यावरही फोन आला.

वकीलबाईंचं उलट. त्या लाल पेन घेऊन बसतात आणि सिद्ध करता येणार नाही असा प्रत्येक शब्द कापतात. 'नामवंत' कापलं, 'अग्रगण्य' कापलं. एकदा तर 'वकील' या शब्दापाशी पेन थांबलेलं मी पाहिलं. आणि अध्यक्ष आमच्यातलेच, पाळीतले इंजिनियर म्हणून एका केंद्रात लागले आणि बत्तीस वर्षांत वर चढत गेले. ते परिचय वाचतच नाहीत. "मागच्या वर्षीचंच ठेवा, मी काही बदललेलो नाही," म्हणतात. बाकीचे पाच जण सह्या करून पाठवतात.

राहिल्या सिस्टर. त्यांचा परिचय तीन ओळींचा. चाळीस वर्षं रुग्णालयात परिचारिका. त्यातली बावीस वर्षं जळीत विभागाच्या प्रमुख. कंपनीच्या सुरक्षा समितीच्या अध्यक्ष. संपलं. पहिल्या वर्षी पान रिकामं दिसतंय म्हणून मी त्यात 'समर्पित' हा शब्द घातला होता. त्यांनी फोन केला आणि विचारलं, "समर्पित म्हणजे काय हो? ड्यूटी होती माझी." मी शब्द काढला. पान अजूनही रिकामं दिसतं.

एक परिचारिका वीज कंपनीच्या बोर्डावर कशी, असं नवीन माणसं विचारतात. सात वर्षांपूर्वी आमच्या एका केंद्रात, दुपारी पाळी बदलताना, वाफेची नळी फुटली. जाणाऱ्या पाळीतल्या माणसाने एक झडप बंद ठेवली होती आणि तसं वहीत लिहिलंही होतं. येणाऱ्याने वही उघडायच्या आधी यंत्र चालू केलं. पाच जणांना सिस्टरांच्या विभागात नेलं. त्यातले तीन घरी गेले.

अध्यक्ष भेटायला गेले ते मोठा पुष्पगुच्छ घेऊन. जळीत विभागात फुलं चालत नाहीत. सिस्टरांनी त्यांना गुच्छासकट बाहेर व्हरांड्यात आणलं आणि विचारलं, "तुमच्याकडे पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला काय सांगतो?" अध्यक्ष म्हणाले, वही असते. सिस्टर म्हणाल्या, "वहीत काय लिहितो ते नाही विचारलं. तोंडाने काय सांगतो?" अध्यक्षांनी गुच्छ सोबत आलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिला. हे मला त्या ड्रायव्हरनेच सांगितलं; परतीच्या वाटेवर गुच्छ त्याच्या शेजारच्या सीटवर होता. पुढच्या वर्षी सिस्टर निवृत्त झाल्या आणि अध्यक्षांनी त्यांना बोर्डावर बोलावलं.

त्यांनी सहा वर्षांत एकच काम केलं, असं त्यांचे विरोधक म्हणतात, आणि ते खरं आहे. रुग्णालयात पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या परिचारिका एकेका खाटेपाशी उभ्या राहतात. जाणारी सांगते, येणारी तेच पुन्हा बोलून दाखवते, मग पुढची खाट. सिस्टरांनी हेच सातही केंद्रांत यंत्रांपाशी सुरू केलं. त्यासाठी दोन पाळ्या पंधरा मिनिटं एकत्र असाव्या लागतात. ती पंधरा मिनिटं पगारी. आणि महिन्यातून एकदा सिस्टर स्वतः बसने कुठल्या तरी केंद्रात जातात आणि डोक्यावर मोठं पडणारं हेल्मेट घालून मागे उभ्या राहून ऐकतात.

या वर्षी बँकवाल्यांच्या समितीने त्या पंधरा मिनिटांवर बोट ठेवलं. सगळी माहिती आता पडद्यावर दिसते, मग दोन पाळ्यांना एकत्र उभं करायची गरज काय, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरांनी मार्चच्या बैठकीत ते अडवलं. पण त्यांची दुसरी मुदत या वर्षी संपत होती. मुदत वाढली नाही तर पुढच्या बैठकीत अडवायला कोणी नव्हतं. बँकवाल्यांनी त्यांच्या जागी एक उमेदवारही शोधून ठेवला होता, संगणकातला. बँकवाले काही दुष्ट नव्हेत. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण कंपनीचं भलं करतोय, आणि त्यांच्या हातात कागद होता.

तो कागद म्हणजे पान बावीस. तिथे एक तक्ता असतो. उभ्या बाजूला नऊ संचालक, वर आठ रकाने: वित्त, कायदा, व्यवस्थापन, तंत्रज्ञान, बाजारपेठ, धोरण, पर्यावरण, मनुष्यबळ. ज्याला ज्यात गती आहे त्याने तिथे खूण करायची. खुणा ज्याच्या त्याने करायच्या, त्यामुळे तक्ता दाट असतो. बँकवाले सात रकान्यांत तज्ज्ञ आहेत. आठवा कायद्याचा आहे आणि वकीलबाई त्यांच्या शेजारीच बसतात.

सिस्टरांची ओळ कोरी. सहा वर्षं कोरी. पान बावीसपर्यंत कोणी पोचत नसल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. या वर्षी बोर्डाचं मूल्यमापन करायला बाहेरची सल्लागार मंडळी आली. त्यांनी दुसरं काय करायचं म्हणून खुणांची बेरीज केली. सिस्टरांची बेरीज शून्य आली, आणि 'बदल विचारात घ्यावा' असं अहवालात छापून आलं. निर्णय निवड समिती गुरुवारी घेणार होती. समितीत तिघे: अध्यक्ष, बँकवाले, वकीलबाई.

म्हणून शनिवारी मी कोरा फॉर्म घेऊन सिस्टरांच्या घरी गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांनी दार उघडलं ते एका हातात इस्त्री घेऊनच. खोली लहान, स्वच्छ, टेबलावर प्लॅस्टिकचं आच्छादन, भिंतीवर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ. खुर्चीवर गुडघ्याला लावायचे दोन पट्टे धुऊन वाळत घातले होते.

"या, परिचयवाले," त्या म्हणाल्या. "या वेळी कोणता शब्द घातलात?"

"शब्द नाही, सिस्टर. खुणा हव्यात." मी फॉर्म पुढे केला. "निदान मनुष्यबळात तरी करा. चाळीस जणी तुमच्या हाताखाली होत्या."

"हाताखाली नव्हत्या. बाजूला होत्या."

"व्यवस्थापन?"

त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्मवरची ओळ मोठ्याने वाचली. "'या विषयात माझी तज्ज्ञता आहे.' नाही बाबा. मग मी खूण कशी करू?"

"सगळेच करतात."

"त्यांना येत असेल," सिस्टर म्हणाल्या. यात टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नव्हता.

मग त्यांनी चहा टाकला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बारा खाटा त्यांच्याकडे होत्या. चारचा ताप साडेतीनलाच तक्त्यावर लिहून टाकला, बाराही जणांचा, कारण सकाळपासून सगळ्यांचा नेहमीसारखाच होता आणि त्यांना चारला दुसरीकडे जायचं होतं. नवव्या खाटेवरच्या बाईंना पावणेचारला ताप चढला. डॉक्टर आले, त्यांनी तक्ता पाहिला आणि पुढे गेले.

"त्या बाई वाचल्या का?" मी विचारलं.

"वाचल्या. पण मला कोणी रागावलंसुद्धा नाही, कारण कोणाला कळलंच नाही." त्यांनी कप माझ्यासमोर ठेवला. "तेव्हापासून जे स्वतः केलं नाही, पाहिलं नाही, ते मी कागदावर लिहीत नाही. आता या वयात कुठे बदलू?"

मी म्हणालो, "ओळ कोरी राहिली तर गुरुवारी तुम्हाला काढतील. आणि मग ती पंधरा मिनिटं जातील."

त्यांनी पुन्हा इस्त्री उचलली. बाहीवरची घडी दोनदा चुकली. शेवटी म्हणाल्या, "ते मला माहीत आहे हो. त्यासाठी जिना चढून यायला नको होतं." फॉर्म कोराच परत आला.

रविवारी माझा मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच एका केंद्रात यंत्र चालवतो. मी सिस्टरांचं सांगितल्यावर त्याने घास खाली ठेवला.

"भाऊजी, ती पंधरा मिनिटं सुरू झाली तेव्हा आम्ही त्या बाईंना काय काय बोललोय ते ताईसमोर सांगत नाही. घरी जायच्या वेळेला शाळेतल्यासारखं उभं करून धडा म्हणायला लावायच्या. पण गेल्या महिन्यात माझ्या आधीचा गडी मला सांगत होता, हे बंद केलं, ते उघडलं, आणि मध्येच थांबला. म्हणाला, 'अरे, ते उघडायचं राहिलंच.' वहीत मात्र त्याने 'उघडलं' असं लिहून ठेवलं होतं. खोटं नाही हो, उघडणारच होता, म्हणून आधी लिहिलं."

"मग?"

"मग काय, जाऊन उघडलं आणि घरी गेला." मेहुण्याने पुन्हा घास उचलला. "तोंडाने बोलताना माणसाला खोटं बोलायला जरा जड जातं. वहीला काय, लिहिलं की झालं."

मी तक्त्याला आणि सल्लागारांना चार शब्द सुनावले. आठ रकाने आणि त्यातल्या एकातही ही बाई बसत नाही म्हणजे काय. माझी बायको औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळते, तिला थेट प्रश्न विचारायची सवय आहे. तिने विचारलं, "हे रकाने ठरवले कोणी?"

"बोर्डाने. तसं पानावर छापलेलं असतं."

"कधी ठरवले?"

आणि माझा हात भातावरच थांबला. चौदा वर्षांपूर्वी तेव्हाचे साहेब दुपारी तीनला आले होते आणि संध्याकाळपर्यंत असा एक तक्ता हवा म्हणाले होते. मी दुसऱ्या तीन कंपन्यांचे अहवाल उघडले, त्यातून बरे दिसणारे आठ शब्द उचलले, आणि खाली 'संचालक मंडळाने निश्चित केल्यानुसार' असं टंकलं, कारण तिन्ही अहवालांत तसं होतं. मंडळाने तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तो छापून आल्यावर. पुढची चौदा वर्षं मी तोच उचलून पुढच्या अहवालात ठेवत होतो.

मी हे सांगितलं. बायकोने ताटं गोळा केली. "म्हणजे त्या बाईंना घालवताय ते तुम्हीच," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मेहुण्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

सोमवारी सकाळी मी कंपनी सेक्रेटरींच्या खोलीत गेलो. माझे साहेब, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. दार बंद असलं की मला काका म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि म्हणाले, "काका, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही."

"बरं."

"पण समजा, एखाद्या रकान्याची कोणी मागणी केली असती, तर गोष्ट वेगळी."

मागणी होती. आमचे बरेच शेअर एका पेन्शन फंडाकडे आहेत. त्यांचं पत्र तीन आठवडे माझ्याच टेबलावर पडून होतं: तुमच्या बोर्डावर वीजकेंद्रातल्या प्रत्यक्ष कामाची माहिती कोणाला आहे, ते अहवालात स्पष्ट करावं. मी ते आणून दिलं. साहेबांनी त्यावर 'आवश्यक ती कार्यवाही' असं लिहिलं, आणि मी नववा रकाना टंकला: 'वीजकेंद्रातील प्रत्यक्ष कामाची माहिती'. टंकताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. हा रकाना मी सिस्टरांच्या मापाने शिवला होता. त्यांना एक खूण, बाकीच्यांना मोकळी जागा, प्रश्न मिटला.

फॉर्म अकराला सगळ्यांना गेले. बँकवाल्यांचा चार मिनिटांत परत आला. नवव्या रकान्यात खूण आणि खाली शेरा: 'उत्तम कल्पना.' जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठही आले. आठांच्या आठ जणांना वीजकेंद्रातल्या प्रत्यक्ष कामाची माहिती होती. बुधवारी सिस्टरांचा फॉर्म पाकिटातून आला, हाताने घडी घातलेला. नववा रकानाही कोरा. आता तक्त्यात त्यांची ओळ आधीपेक्षाही लांब आणि आधीपेक्षाही रिकामी दिसत होती, आणि ही करामत माझीच होती.

गुरुवारी निवड समितीच्या बैठकीत मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात, इतिवृत्त लिहायला. इतिवृत्त लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं. सिस्टर बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, कारण विषय त्यांचा होता.

बँकवाल्यांनी शांतपणे मांडणी केली. सिस्टरांबद्दल नितांत आदर आहे, पण तक्ता बोलतो आहे. बोर्डाने ठरवलेले नऊ निकष, त्यातला एकही नाही. 'बोर्डाने ठरवलेले' हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले आणि दोन्ही वेळा मी खाली मान घालून लिहीत राहिलो. साहेबांनीही पाण्याचा पेला उचलला.

मग वकीलबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. "हा नववा रकाना पेन्शन फंडाला उत्तर म्हणून जाणार आहे ना? म्हणजे उद्या ते विचारतील, कशावरून. प्रत्येक खुणेला एका ओळीचा आधार लागेल. माझी खूण काढा. सवयीने झाली."

मी खोडली.

"मी चार केंद्रांची उद्घाटनं केली आहेत," बँकवाले म्हणाले.

"तसं लिहू?"

बँकवाल्यांनी थोडा विचार केला. हा माणूस मूर्ख नाही, हे मी आधीच सांगितलंय. "नको. काढा."

साहेबांनी बाकीच्या पाच जणांना तिथूनच फोन लावले. आधाराची ओळ म्हटल्यावर दोघे हसले, एकाला दुसरी मीटिंग होती, पण खुणा पाचही गेल्या. राहिले अध्यक्ष. त्यांनी फॉर्म हातात घेतला. "मी पाळीत होतो," ते म्हणाले. "पण माझ्या वेळचं एकही यंत्र आता चालू नाही. आणि पाळी बदलताना आम्ही कॅन्टीनच्या वाटेवर चालता चालता बोलायचो. काढा माझीही."

आता तक्त्यात एक रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. सात वीजकेंद्रांची कंपनी, आणि तिच्या बोर्डावरच्या एकालाही तिथल्या कामाची माहिती नाही, असं आम्ही छापून पाठवणार होतो. रकाना काढून टाकावा तर पत्र आलेलं. मग तोडगा काढला तो बँकवाल्यांनीच, आणि काढला म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. "सिस्टरांना आत बोलवा," ते म्हणाले.

सिस्टर आल्या, हळू, टेबलाची कड धरत. अध्यक्षांनी उठून त्यांना खुर्ची दिली आणि कागद दाखवला.

"एक खूण केलीत की झालं," बँकवाले म्हणाले. "मग मुदत वाढवायला माझी हरकत नाही."

"मला त्या यंत्रांमधलं कळत नाही," सिस्टर म्हणाल्या.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही बहात्तर वेळा पाळी बदलताना तिथे उभ्या होतात. आधार पुरेसा आहे. मी कुठेही सिद्ध करेन."

"उभी होते. माहिती त्यांना असते. ते बोलतात, मी ऐकते."

अध्यक्ष सिस्टरांकडे वळले. "सिस्टर, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. तुम्ही नसाल तर ती पंधरा मिनिटं मला एकट्याला वाचवता येणार नाहीत."

"आणि खूण केली तर?"

"तीन वर्षं तुम्ही इथे असाल. आणि तीन वर्षं त्या वेळेला कोणी हात लावणार नाही." त्यांनी बँकवाल्यांकडे पाहिलं. बँकवाल्यांनी मान हलवली.

"लिहून घ्या," सिस्टर मला म्हणाल्या.

मी लिहिलं. त्यांनी कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला, दुसऱ्यांदा ओळीखाली बोट फिरवत. मग त्यांनी पेन उचललं. कोणी घाई केली नाही. मला वाटलं त्या पेन खाली ठेवतील, आणि खरं सांगायचं तर एका क्षणी मला ते हवंही होतं. त्यांनी खूण केली. बारीकशी, रकान्याच्या कोपऱ्यात, जागा अडू नये अशी. तिघांनीही आभार मानले आणि साहेबांनी पुढचा विषय पुकारला.

विषय लहान होता. तो आटोपून मी बाहेर आलो तर सिस्टर लिफ्टसमोरच्या बाकावर बसल्या होत्या. मी पाणी नेऊन दिलं. मला आनंद झाला होता, तो लपवायचं काही कारण नव्हतं. मी अभिनंदन केलं, मेहुण्याचं सांगितलं, त्याच्या सगळ्या पाळीला किती बरं वाटेल ते सांगितलं. त्या ऐकत होत्या. हाताची बोटं मात्र कोऱ्या पदरावर उगाच फिरत होती.

"सिस्टर, मनाला लावून घेऊ नका," मी म्हणालो. "ती खूण खोटी नाही. उलट त्या अख्ख्या पानावर तेवढी एकच खरी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. एखाद्या जुन्या रुग्णाकडे पाहावं तसं पाहिलं, ज्याचं दुखणं त्याला स्वतःला माहीत नाही.

"तुम्हाला तसं वाटणारच," त्या मायेने म्हणाल्या. "तुम्हाला सवय आहे."

माझ्या हातावर थोपटून त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि दार लागलं. मी पेला धुऊन जागेवर ठेवला आणि टेबलापाशी गेलो. साहेबांचा निरोप येऊन पडला होता: पेन्शन फंड बघणार आहे, सिस्टरांचा परिचय जरा मोठा करा. मी पान एकवीस उघडलं आणि तीन ओळींसमोर बसून राहिलो. सव्वीस वर्षांत मला कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं. त्यांनीही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मला एकही शब्द सुचला नाही, आणि पाच वाजता मी दिवा बंद करून घरी गेलो.